दुसरी मांजर आणताना



ज्या घरात एक मांजर आहे त्या घरात कधी ना कधी दुसरीचा विषय निघतोच. मुलं म्हणतात, एकटी आहे बिचारी, तिला सोबत आणू या. शेजारी म्हणतात, आमच्या मांजरीला चार पिल्लं झालीत, एक घेऊन जा. रिक्षा स्टँडवर किंवा मच्छीवालीच्या पाटीजवळ एखादं पिल्लू ओरडत असतं आणि शाळेतून येणारं मूल ते दप्तरात घालून घरी आणतं. हो म्हणायला एक मिनिट पुरतं. घरात सांभाळलेली मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगते, हे त्या मिनिटाला कुणाच्या लक्षात नसतं. आज सातवीत असलेली मुलगी, जिच्या हट्टापायी पिल्लू येतं, ती तोवर आपल्या सासरी असेल आणि मांजर आपल्याकडे.

आम्हाला वाटतं, हा प्रश्न बहुतेक घरांत उलट्या बाजूने विचारला जातो. पहिलीला सोबत होईल का, असं सगळे विचारतात. दुसरी आल्यावर कुणाच्या वाट्याचं काय कमी होणार आहे, हे कुणी विचारत नाही. पहिल्या मांजरीच्या वाट्याचं, घर झाडणाऱ्या बाईच्या वाट्याचं, महिन्याचा हिशेब जुळवणाऱ्याच्या वाट्याचं.

आपल्या घरांत मांजरीला जागा आहे, हे सांगायला नको. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या सूनबाई कबशा यांनी त्यांच्या वुजूसाठी पाणी ओतून ठेवलं होतं. तेवढ्यात मांजर आली. सासऱ्यांनी भांडं तिच्यापुढे तिरपं धरलं आणि तिचं पिऊन होईपर्यंत तसंच धरून ठेवलं. सूनबाई बघतच राहिल्या. तेव्हा त्यांनी सांगितलं की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मांजरीला नापाक म्हटलेलं नाही, ती आपल्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. ही रिवायत मुवत्ता, अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे, आणि ती कबशा यांच्याकडून त्यांच्या भाचीने, हुमैदा यांनी, पुढे सांगितली. म्हणजे सासरा, सून आणि भाची अशा घरातल्याच माणसांकडून ती आपल्यापर्यंत आली. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना तर नावच मांजरीवरून पडलं. बकऱ्या चारताना एक छोटी मांजर त्यांच्याबरोबर असे. रात्री ते तिला झाडावर ठेवत आणि दिवसा तिच्याशी खेळत.

(मुएज्जा नावाच्या मांजरीची आणि कापलेल्या बाहीची गोष्ट मोबाईलवर फिरत असते. हदीसच्या प्रमाण संग्रहांत ती नाही. मुलांना अबू कतादांची गोष्ट सांगावी, ती जास्त गोड आहे.)

पण याच विषयावर दुसरीही एक हदीस आहे आणि ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका बाईने मांजर कोंडून ठेवली. स्वतः खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला मोकळंही सोडलं नाही. त्या मांजरीपायी ती जहन्नममध्ये गेली. लहानपणापासून आपण ही गोष्ट ऐकतो आणि त्या बाईला दुष्ट म्हणून मोकळे होतो. आता आपल्या घराकडे बघा. कोकणातल्या घरी मांजर पडवीतून बाहेर जायची, परसात उंदीर पकडायची, वाडीभर फिरून यायची. घरातल्या वाटीत काही नसलं तरी तिचं पोट तिच्या हातात होतं. मुंब्रा, कुर्ला, भिवंडी किंवा पुण्याच्या कोंढव्यात चौथ्या मजल्यावर ती सोय नाही. दार बंद, खिडकीला जाळी. जाळी हवीच, नाहीतर मांजरी वरून पडतात, पाय मोडतात, मरतात. म्हणजे कोंडण्याचा भाग आपण तिच्याच भल्यासाठी आधीच पुरा केलेला आहे. मग खाणं, पाणी, औषध, खेळ, सगळं आपल्या अंगावर आलं. फिकहच्या किताबांत जनावरांच्या खर्चाचा विषय नफक्याच्या प्रकरणातच येतो, बायको-मुलांच्या पोटगीच्या जोडीला. दुसरी मांजर म्हणजे दुसरा नफका, असं सरळ समजून पुढे जावं.

आता "एकटी आहे बिचारी" याविषयी. ही माणसांची भावना आहे, मांजरीची असेलच असं नाही. आपली पाळीव मांजर पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेकडच्या रानमांजराच्या वंशातली. ते रानमांजर एकट्याने शिकार करतं, एकट्याने राहतं. कुत्र्यासारखी टोळी करून राहण्याची गरज त्याला नाही. मांजरी एकमेकींशी दोस्ती करतात, एकमेकींना चाटतात, एका उशीवर झोपतात, हे खरं. पण ते त्यांच्या मर्जीने. आपण आणलेली पाहुणी तिला मैत्रीण वाटेल की घुसखोर, हे आधी कुणाला सांगता येत नाही.

तरी काही अंदाज बांधता येतो. पहिली मांजर वर्षाच्या आतली आहे, दिवसभर पडद्यावर चढते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांना चावते, तर तिच्याच वयाचा जोडीदार मिळाल्यास ती दंगामस्ती त्याच्याशी करेल आणि आपल्या पायांना आराम पडेल. पहिली सात-आठ वर्षांची आहे, तिची ठरलेली जागा आहे, ठरलेली वेळ आहे, तर तिच्यापुढे दोन महिन्यांचं पिल्लू सोडणं म्हणजे दादीच्या खोलीत नर्सरीचा वर्ग भरवणं. आणि ज्यांच्या घरी अजून एकही मांजर नाही पण पुढेमागे दोन हव्यात असं वाटतं, त्यांनी एकाच आईची दोन पिल्लं एकदम घ्यावीत. सगळ्यांत कमी त्रासाचा मार्ग तोच.

पहिलीला दुसरी पसंत नसेल तर ती भांडेलच असं नाही. बऱ्याचदा ती गप्प होते. कपाटावर जाऊन बसते, जेवण टाकते, एकाच जागी चाटून चाटून केस काढते, किंवा ट्रे सोडून गादीवर, पायपुसण्यावर लघवी करते. घरातले म्हणतात, रुसली आहे, होईल ठीक. दोन दिवसांहून जास्त मांजर काहीच खात नसेल तर तिच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो. बोका ट्रेमध्ये जोर करतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं लागतं. हे रुसवे नाहीत.

गादीवरच्या लघवीचा प्रश्न आपल्या घरांत वेगळ्या अर्थानेही मोठा आहे. मांजरीचं उष्टं पाणी एक गोष्ट, तिची लघवी दुसरी. ती नापाकच आहे. कपड्याला लागली तर धुवावं लागतं, जानमाजवर झाली तर तो धुऊन वाळेपर्यंत दुसरा काढावा लागतो. दोन मांजरींची हद्दीवरून तेढ लागली की हे रोजचं होतं. केसांविषयी हनफी घरांत फारशी अडचण नाही. शाफई मतात गळलेले केस पाक नाहीत, थोडे असले तर माफ आहेत. म्हणून कोकणी घरांतल्या वडीलधाऱ्यांची कुरकुर निव्वळ हट्ट समजू नये, तिच्यामागे मसअला आहे. जानमाज घडी करून बंद कपाटात ठेवणं आणि ट्रे वुजूच्या जागेपासून लांब ठेवणं, एवढ्याने निम्मी तक्रार मिटते. लघवीची जागा काळ्या फिनाईलने पुसू नका. त्यातले घटक मांजरीला विषारी असतात, ती त्यावरून चालते आणि पंजे चाटते.

हे पुसण्याचं काम कोण करतं, हे तर उघडच आहे. आणण्याचा निर्णय मुलं आणि अब्बा दिवाणखान्यात घेतात. ट्रे अम्मी, नाहीतर सूनबाई साफ करते. आमचं मत विचाराल तर दुसऱ्या मांजरीच्या बाबतीत शेवटचा शब्द ट्रे साफ करणाऱ्या माणसाचा असावा. दोन मांजरींना तीन ट्रे लागतात. मांजरी जितक्या, त्याहून एक जास्त, असा पशुवैद्यांचा सल्ला असतो. ते रोज साफ झाले पाहिजेत. घरात कुणी पोटुशी असेल तर तिला हे काम अजिबात देऊ नये. मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला धोक्याचा असतो. विष्ठेतले ते जंतू लागण करण्याजोगे व्हायला दिवसाच्या वर वेळ जातो, म्हणून दुसऱ्या कुणी रोजच्या रोज ट्रे साफ केला तर धोका फार कमी होतो. तेवढ्यासाठी मांजरीला घराबाहेर काढायची गरज नसते, जे अनेक घरांत सासूबाईंच्या आग्रहाने होतं.

घरात कुणाला दमा असेल तर तेही मोजावं. त्रास केसांचा नसतो, मांजरीच्या लाळेत आणि कातडीत असणाऱ्या एका प्रथिनाचा असतो. ते गादी-पडद्यांत बसतं. एका मांजरीवर भागलेल्या माणसाचं दोघींवर भागेलच असं नाही.

आमच्या घरात सध्या हाच प्रश्न येऊन गेला, म्हणून तोही सांगतो. आमची मांजर नऊ वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यापासून तिच्या मूत्रपिंडाची तक्रार आहे, तिचं खाणं वेगळं आहे, पाणी किती प्याली याकडे लक्ष ठेवावं लागतं. बकरी ईदनंतर इमारतीच्या जिन्याखाली एक करडं पिल्लू एकटं राहिलं. त्याची आई रिक्षाखाली गेली. मुलीने त्याला वाटीतून खाणं द्यायला सुरुवात केली आणि आठवड्याने विषय घरात आला. अम्मी म्हणाल्या, जिवाला जीव द्यावा, पण जानमाज कोण धुणार? मुलगी म्हणाली, मी. तिची परीक्षा तीन महिन्यांवर होती, त्यामुळे या उत्तरावर कुणी काही बोललं नाही.

आम्ही एका कागदावर लिहून काढलं. खोल्या दोन. ट्रे ठेवायला जागा एक, फार तर दोन. आजारी मांजरीचं खास खाणं पिल्लाने खाल्लं तर चालणार नाही, पिल्लाचं तिने खाल्लं तर मुळीच नाही, आणि दिवसभर दोन वाट्यांवर पहारा देणारं घरी अम्मींशिवाय कुणी नाही. शिवाय पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह, उमऱ्याला जायचा बेत आहे. एका मांजरीची चावी शेजारच्या खालांकडे देता येते. दोन मांजरी, त्यांतली एक औषधावरची, असं ओझं कुणावर टाकायचं? उत्तर नाही असं आलं. मुलगी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. आम्ही समजूत काढायला गेलो नाही. तिचं दुःख खरं होतं आणि ते तिला करू दिलं.

पण घरात न घेणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे, हेही त्याच कागदावर लिहिलं होतं. पिल्लाला जंताचं औषध झालं, पहिली लस झाली. सोसायटीतल्या एक-दोघांनी हरकत घेतली. त्यांना शांतपणे सांगितलं की जिन्यात घाण होणार नाही, वाटी आम्ही रोज उचलू, आणि तशी उचलतो. ओळखीत विचारल्यावर भिवंडीच्या फुफींच्या घरून निरोप आला आहे. त्यांच्याकडे दहा महिन्यांचा बोका आहे आणि घर उतरेल इतका दंगा करतो. तिथे हे पिल्लू शोभेल.

काही मंडळी दुसरी मांजर विकत घेतात, बहुधा लांब केसांची पर्शियन. हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आलेल्या हदीसमध्ये मांजरीची किंमत घेण्याला मनाई आहे. बहुसंख्य फकीहांनी तिचा अर्थ वेगळा लावून पाळीव मांजरीची विक्री जायज ठरवली आहे. काहींनी ती शब्दशः घेतली आहे. वाद आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. एवढंच दिसतं की गल्लीतलं पिल्लू उचललं तर किंमतही नाही आणि शंकाही नाही. पर्शियनचे केस रोज विंचरावे लागतात, चपट्या नाकामुळे तिला आपल्या उकाड्यात श्वासाचा त्रास होतो, हे दुकानदार सांगत नाही.

नसबंदीचा विषय टाळता येत नाही. मादी पिल्लू सहा महिन्यांच्या आतही गाभण राहू शकतं आणि साधारण नऊ आठवड्यांत वितं. एक बोका आणि एक मांजर एकत्र ठेवून शस्त्रक्रिया केली नाही, तर वर्षभरात घरात किती होतील याचा हिशेब मुलांना गणितात घालायला हरकत नाही. हनफी फिकहमध्ये, फतावा आलमगिरीतही, फायदा असेल किंवा त्रास टाळायचा असेल तर मांजर खच्ची करायला हरकत नाही असं आहे. शाफई मत याबाबत कडक आहे. कोकणातल्या वाचकांनी आपल्या आलिमांना विचारावं आणि विचारताना शहरातल्या बंद फ्लॅटची परिस्थिती नीट सांगावी, कारण प्रश्न अर्धा सांगितला की उत्तरही अर्धंच येतं.

ज्यांच्या कागदावर उत्तर हो येईल त्यांनी घाई करू नये. पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईजवळ राहू द्यावं. आणल्यावर थेट पहिलीपुढे ठेवायचं नाही. आधी डॉक्टर, कारण पॅनल्युकोपेनियासारखा रोग लस न दिलेल्या पिल्लाला चार दिवसांत नेतो, आणि त्याचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो. पूर्वी एखादं पिल्लू जुलाब-उलट्यांनी अचानक गेलं असेल, तर नव्याची लस पुरी झाल्याशिवाय त्याला त्या घरात आणूच नये. मोठी मांजर आणत असाल तर रक्ताची तपासणीही करून घ्यावी.

मग दहा-पंधरा दिवस नवीन मांजर वेगळ्या खोलीत, दार बंद. तिचा ट्रे, तिची वाटी, तिचं पाणी आत. जिथे एकच खोली आहे आणि बंद करायला दारच नाही, तिथे मोठा पिंजरा आणून त्यावर चादर टाकता येते. पण खरं सांगायचं तर तेवढ्या जागेत दुसरी न आणलेली बरी. मांजरींची ओळख नाकाने होते. नवीच्या अंगाखालचा कपडा पहिलीच्या जागेवर ठेवायचा, पहिलीचा नवीकडे. दाराच्या दोन्ही बाजूंना दोघींच्या वाट्या ठेवायच्या, आधी लांब, मग रोज थोड्या जवळ, म्हणजे समोरचा वास आला की जेवण येतं हे डोक्यात बसतं. गुरगुरणं थांबलं की दार बोटभर उघडायचं. नंतर दोघींना एका खोलीत पाच मिनिटं, मग दहा. फिस्कारल्या तर फिस्कारू द्यावं. अंगावर धावल्या तर मध्ये हात घालू नये, चादर टाकून वेगळं करावं. चावलं-ओरबाडलं गेलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना. रेबीज मांजरीपासूनही होतो.

आणि या सगळ्या दिवसांत पहिलीची उशी, तिची खिडकी, तिची जेवणाची वेळ हलवू नये. आधी तिला वाढावं, मग नवीला. मुलांना नव्याचं वेड असतं, म्हणून फज्रनंतरचा तो पाव तास, जेव्हा ती येऊन मांडीवर बसते, तो तिचाच ठेवावा.

काही वेळा दोन-तीन महिने सगळं करूनही जमत नाही. तेव्हा नवीसाठी दुसरं घर शोधावं लागतं. ते लाजेचं नाही. गोणीत घालून रात्री मच्छी मार्केटला सोडून येणं मात्र आपल्याकडे सर्रास चालतं, तिथे तिला खायला मिळेल या समजुतीवर. घरात वाढलेल्या मांजरीला तिथले बोके आणि कुत्री जगू देत नाहीत. कायद्यानेही, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली, जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणं गुन्हा आहे. नवं घर मिळायला महिना लागला तर महिना लागेल. तोवर ती आपल्याच छपराखाली राहील, आणि दोघींच्या वाट्या दोन वेगळ्या खोल्यांत लागतील.